किहीमचे बांडगूळ आणि भरतपूरच्या म्हशी

सन १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम या गावी मुंबईचे एक दाम्पत्य राहायला आले. पती तेहतीस वर्षांचा, नुकताच बर्लिनहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परतलेला. गाठीशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि ज्या नोकरीवर पुन्हा रुजू व्हायचे, ती जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. खर्च आवरणे भाग होते, म्हणून समुद्राकाठचे हे शांत गाव निवडले गेले. त्या काळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई; रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. गावात नव्याने आलेले हे गृहस्थ म्हणजे सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली.

डॉ. सलीम अली यांची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून देण्याची गरज नाही. गळ्यात दुर्बीण अडकवलेली त्यांची कृश मूर्ती शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी पोहोचली आहे. मात्र पक्ष्यांची नावे आणि संख्या यांपलीकडे जाऊन, कोणता जीव काय खातो आणि त्याला कोण खाते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात प्रारंभापासून अखेरपर्यंत कसा गुंतला होता, याची चर्चा फारशी होत नाही. या प्रश्नाने त्यांना किहीममध्ये वाट दाखवली आणि पुढे भरतपूरमध्ये त्यांची कठोर परीक्षाही घेतली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ती खाणे धर्माला धरून होईल का, अशी शंका त्या मुलाला आली. तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कचेरीत पाठवले. तेथे चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण त्याच्यापुढे उघडले. पुढचा सारा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी असलेली शंका ताटातल्या घासाविषयी होती, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांचे गाडे रखडतच चालले. डोकेदुखीने शाळा मध्ये सुटली. १९१३ मध्ये मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले पहिले वर्ष जड गेले, तेव्हा ते ब्रह्मदेशात तॅव्हॉय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा पाहायला गेले. १९१७ मध्ये परतल्यावर दावर कॉलेजात व्यापाराचे शिक्षण आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाखातर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास झाला. पदवी मात्र राहिली ती राहिलीच. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा पदवीअभावी हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा साडेतीनशे रुपयांची नोकरी मिळाली. दोन वर्षांतच तिचा कंटाळा आला आणि रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले. पेटीतल्या मेलेल्या पक्ष्याचे वर्णन करण्यापेक्षा जिवंत पक्षी कसा जगतो हे पाहावे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. ती वापरायची पहिली संधी बेकारीनेच दिली, असे म्हणायला हरकत नाही.

किहीमला पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या वसाहती गजबजतात. मराठीने या पक्ष्याला सुगरण म्हणून घरट्याचे सारे श्रेय मादीला देऊन टाकले आहे. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. सलीम अलींनी वसाहतीजवळ आडोसा करून तासन्‌तास नोंदी घेतल्या, तेव्हा एक निराळाच संसार उलगडला. नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येतात, विणकाम तपासतात आणि पसंत पडले तर मुक्काम करतात. मग नर ते घरटे पुरे करतो आणि मादी अंडी उबवू लागली की जवळच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकामागून एक असे अनेक संसार थाटण्याची ही रीत त्यांनी १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मांडली आणि त्यांच्या नावाकडे जाणकारांचे लक्ष गेले.

हा विवाहसंबंधांचा भाग बहुश्रुत आहे. त्याच्या जोडीला असलेला अन्नाचा भाग तितकाच बोलका आहे. नर ज्या पात्यांच्या चिरफाळ्या काढून घरटे विणतो, ती पाती भाताची आणि गवताची असतात. मोठा पक्षी दाणे खातो; पिल्लांच्या चोचीत मात्र नाकतोडे, अळ्या आणि इतर कीटक पडतात, कारण झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने लागतात. लावणीनंतर खाचरात हिरवे पाते वाढते, त्यावर नाकतोडा वाढतो, नाकतोड्यावर सुगरणीचे पिल्लू आणि पिल्लांवर टपलेले कावळे व साप. घरट्याची लांब नळी त्यांच्यासाठीच तर असते. श्रावणात शेतातली कीड वेचणारा हाच पक्षी आश्विनात लोंब्या भरल्या की थव्याने उतरतो आणि शेतकरी पोरांना गोफणी देऊन बांधावर बसवतो. पक्षी तोच; तो मित्र की शत्रू, याचे उत्तर महिन्यागणिक बदलते.

कोकणातली याच काळातली त्यांची दुसरी नोंद अधिक नवलाची आहे, आणि रायगडच्या बागायतदाराला ती थेट भिडणारी आहे. आंब्याच्या फांद्यांवर वाढणाऱ्या बांडगुळाला आपण शिवी म्हणूनच वापरतो. ही वनस्पती संपूर्ण परावलंबी नसते. तिची पाने हिरवी असतात आणि उन्हापासून अन्न ती स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र ती आंब्याच्या फांदीत मुळे खुपसून ओढून घेते. तिच्या लांबट नळीसारख्या फुलांत मध असतो आणि त्यावर सूर्यपक्षी येतात. मध पिताना परागकण या फुलावरून त्या फुलावर जातात. फळे धरली की फुलटोच्याची पाळी येते. अंगठ्याएवढा हा पक्षी फळ गिळतो, गर पचवतो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो. ते तिथेच चिकटते, रुजते आणि आंब्याला नवे बांडगूळ लागते. सूर्यपक्षी आणि फुलटोचा यांच्यावाचून कोकणातल्या या बांडगुळाचा प्रसार कसा होणार नाही, यावर सलीम अलींनी १९३१ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी भारतातल्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांचा विस्तृत आढावा घेतला.

या दोन्ही कामांचे महत्त्व कळायला जगात तेव्हा काय चालले होते, हे पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये चार्ल्स एल्टन यांचे अन्नसाखळीची कल्पना रुजवणारे पुस्तक १९२७ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी आले होते. ‘परिसंस्था’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये रूढ केला. आणि सूर्याची ऊर्जा वनस्पतींत किती उतरते, तिथून पुढच्या पायरीवर किती जाते, याचा हिशेब रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मिनेसोटातील एका लहानशा तळ्यावरून मांडला तो १९४२ मध्ये. आपला लेख छापून आलेला पाहण्यापूर्वीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. ढोबळमानाने सांगायचे तर प्रत्येक पायरीवर एक दशांश ऊर्जा पुढे जाते, बाकीची हालचालीत, श्वासोच्छ्वासात आणि उष्णतेत खर्च होते. हजार किलो हिरव्या पात्यावर शंभर किलो नाकतोडे आणि त्यांवर दहा किलो पक्षी, असा तो उतरता जिना आहे. म्हणून शेतात नाकतोडे अगणित, सुगरणी शेकड्यांनी आणि त्यांच्यावर झडप घालणारा ससाणा एखादाच. सलीम अली हे सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ नव्हते आणि तसा त्यांनी दावाही केला नाही. पण ज्या प्रकारच्या निरीक्षणांवर असे सिद्धान्त उभे राहतात, ती ते किहीमच्या वाडीत बसून टिपत होते.

किहीमनंतर त्यांचे जीवन भटकंतीचे झाले. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतून त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. मेहनताना जवळपास नव्हताच; संस्थानाने प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसायचा, एवढाच करार असे. तेहमिनाबाई बहुतेक दौऱ्यांत सोबत असत. विलायतेत शिकलेल्या या बाईंनी तंबूतला संसार हसत पत्करला होता. या पाहण्यांत पक्षी मारून जमवले जात, आणि आजच्या वाचकाला ते खटकेल. त्या काळी नमुन्यावाचून शास्त्रीय नोंद मान्य होत नसे. मात्र मारलेल्या पक्ष्याच्या पोटात काय सापडले, हेही सलीम अली टिपून ठेवत. भारतीय पक्ष्यांच्या आहाराचा पहिला मोठा अभ्यास पुसा येथील कृषिसंस्थेतून १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पुढे ते काम मागे पडले. शेतीच्या दृष्टीने पक्षी किती उपयोगी व किती उपद्रवी हे ठरवायला पद्धतशीर संशोधन हवे, ही मागणी सलीम अलींनी १९३६ मध्ये ‘करंट सायन्स’मधून केली. सरकारी कृषिखात्यांनी तिची विशेष दखल घेतल्याचे दिसत नाही.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. पाली हिलला बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि उरलेली अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी कामाला वाहिली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. १९४५ मध्ये कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत त्यांनी पाहिली. तेथील पक्ष्यांचा अंदाज लाखांत होता. इतके मोठे पक्षी इतक्या संख्येने एका ठिकाणी कसे जगतात, याचे उत्तर पुन्हा त्याच जिन्यात आहे. रोहित उलट्या धरलेल्या चोचीने खाऱ्या पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. जिन्याच्या तळाशी जेवणाऱ्यांची पंगत मोठी असते. स्वातंत्र्यानंतर बीएनएचएस आर्थिक संकटात सापडली, तेव्हा पंडित नेहरूंकडे धाव घेऊन तिला त्यांनी सावरले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व हे सारे यथाकाल आले.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड प्रकरण मात्र राजस्थानातल्या भरतपूरचे आहे. केवलादेव घना हे तेथील पाणथळ म्हणजे महाराजांचे शिकारीचे ठिकाण. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरबराईसाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. तो आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून जमीन शेतीला द्यावी, अशी जोराची मागणी झाली. सलीम अलींनी दिल्लीत आपले वजन खर्च केले आणि १९५६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. हे पाणथळ आज अस्तित्वात आहे, याचे मोठे श्रेय त्यांना आहे, यात वाद नाही.

पावसाळ्यात अजान बंधाऱ्याचे पाणी या उथळ तळ्यांत सोडले जाते. पाण्याबरोबर मासळीची पिल्ले येतात, त्यांवर चित्रबलाक आणि बगळ्यांच्या हजारो पिल्लांचे पोट भरते. त्यांची विष्ठा पाण्यात पडून पुन्हा शेवाळाला आणि वनस्पतींना खत मिळते. आसपासच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात चरत आल्या होत्या. राष्ट्रीय उद्यान झाले की गुरे आत नकोत, हा नियम आला. चराई बंद करावी, असा सल्ला देणाऱ्यांत सलीम अली आणि त्यांची संस्था होती. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये बंदी लागू झाली. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणाला मुकले.

त्यानंतर जे घडले ते कोणाच्याच ध्यानी नव्हते. म्हशी थांबल्या आणि पाण्यात पसरणारे एक गवत बेसुमार माजले. त्याचे जाड थर पाण्यावर तरंगू लागले. मोकळे पाणी आक्रसले, गवत कुजून पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागला, मासळी घटली. बदकांना उतरायला जागा उरेना. चिखलातले कंद उकरून खाणाऱ्या सैबेरियन क्रौंचांनाही गवताच्या गालिच्यातून चोच घालणे कठीण झाले. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी हटवल्या, त्यांनाच म्हशींच्या जाण्याचा फटका बसला. या हिशेबात म्हैस ही बाहेरची घुसखोर धरली गेली होती. प्रत्यक्षात ती त्या अन्नजाळ्यातली सर्वांत मोठी गवत खाणारी होती आणि तिचे शेण हाही त्या पाण्याच्या व्यवहाराचा भाग होता.

हे उघड झाले ते बीएनएचएसच्याच अभ्यासातून. १९८० मध्ये सुरू झालेल्या या दीर्घ प्रकल्पाच्या पहिल्या पाच वर्षांचा गोषवारा १९८६ मध्ये निघाला, त्यावर डॉ. विजयन यांच्यासह सलीम अलींचे नाव आहे. संपूर्ण अहवाल १९९१ मध्ये आला तेव्हा ते हयात नव्हते. १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले होते. चराईबंदीने पाणथळाचे नुकसान झाले, हा निष्कर्ष त्या अहवालाने स्पष्टपणे मांडला. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा पुढे देण्यात आली. आपल्या संस्थापुरुषासारख्या माणसाच्या सल्ल्याविरुद्ध जाणारी आकडेवारी संस्थेने दडवली नाही. आपल्याकडच्या संस्थांचा रिवाज पाहता ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही. तथापि गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांना त्या अहवालाचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच. आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ, त्यावरचा सूर्यपक्षी आणि फुलटोचा यांची गुंतागुंत इतक्या बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांतून म्हैस कशी सुटली? माझ्या मते, मनुष्य आणि त्याची गुरे निसर्गाच्या बाहेरची आहेत, ही त्या पिढीच्या निसर्गप्रेमींची ठाम समजूत होती आणि सलीम अलीही तिला अपवाद नव्हते.

भरतपूरच्या त्याच अभ्यासाने आणखी एक अनपेक्षित फळ दिले. ऐंशीच्या दशकात तेथे शिकारी पक्ष्यांची गणना करणारे विभू प्रकाश नव्वदच्या दशकात पुन्हा मोजायला गेले, तेव्हा गिधाडे नाहीशी होत चालली होती. जुनी आकडेवारी हाताशी होती म्हणूनच ही घट कळली. कारण पुढे २००४ मध्ये उजेडात आले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. गिधाडे गेली तरी मेलेल्या गुरातली ऊर्जा कुठे जात नाही. ती भटक्या कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या वाट्याला गेली.

रायगडच्या किनाऱ्यावर म्हसळा आणि श्रीवर्धनच्या बाजूला या गिधाडांची थोडी घरटी टिकून राहिली. तेथे संकट दुहेरी होते. एकीकडे औषध, दुसरीकडे गावागावांतली गुरेच कमी झाल्याने पडणारी उपासमार. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला स्थानिक निसर्गप्रेमी, वनखाते आणि गावकरी यांनी मिळून रानातली एक जागा ठरवली आणि मेलेले जनावर पुरण्याऐवजी तेथे आणून टाकावे, असा निरोप आसपासच्या गावांत दिला. ज्या शेतकऱ्याची गाय किंवा म्हैस गेली, त्याच्या होकारावर तेथील गिधाडांच्या पिल्लांचा घास अवलंबून राहिला.